दोन नाण्यांची उंची

धारमावशीच्या हातात सुरी दिली, की ती पहिल्यांदा एक डोळा मिटणार. सुरी नाकासमोर आडवी धरणार आणि कडेवरून नजर अशी सरकवणार, जणू लांबच्या रस्त्यावरून आपलं माणूस येतंय का ते बघतेय. मग सुरी खाली, आणि प्रश्न, "पायरीवर घासली ना?"

घासलेली असायचीच. आणणारं माणूस ओशाळून हसायचं, कुणी नवऱ्यावर ढकलायचं, कुणी सासूवर. मावशी कुणाचंच ऐकून घ्यायची नाही. तोवर तिचा पाय पायडलवर गेलेला असायचा आणि दगडी चाकातून ठिणग्यांचा पिसारा उडायला लागलेला असायचा.

चौकाच्या कोपऱ्यावर, पुढे आलेल्या पत्र्याखाली तिचं चाक होतं. लोखंडी चौकट, खाली पायडल, वर दगड, बाजूला पाण्याचा डबा आणि धारेवर शेवटचा हात फिरवायला खिळ्याला टांगलेला एक जुना चामडी पट्टा. सगळं वडिलांकडून आलेलं. वडिलांना मुलगा नव्हता असं नाही, होता. पण त्याला ठिणग्यांची भीती वाटायची आणि हिला ठिणग्या आवडायच्या. वारस कोण, हा प्रश्न एवढ्यावरच सुटला होता.

नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला पहिला धडा दिला तो दोन नाण्यांचा. दगडावर दोन नाणी एकावर एक ठेवायची. सुरीची पाठ त्यांच्यावर टेकवायची, धार दगडाला लावायची. झाला कोन. मग नाणी हळूच काढून घ्यायची आणि मनगट तिथंच ठेवायचं. "नाणी गेली असं समजायचं नाही," बाबा म्हणायचे. "ती तुझ्या मनगटाखाली आहेत. जन्मभर." आणि खरंच, पंचेचाळीस वर्षं ती नाणी मावशीच्या मनगटाखालून हलली नाहीत. झोपेतून उठवून हातात विळा दिला असता तरी तिनं तो त्याच उंचीवर धरला असता.

आता एवढं कसब असलेली बाई ते जपून ठेवेल की नाही? मावशी ते वाटत सुटायची. येईल त्या बाईला सांगायची, अगं, घरात चिनी मातीचा कप आहे ना, तो उपडा घाल. त्याच्या बुडाला जी खरखरीत गोल कड असते, त्यावर दोन नाण्यांची उंची धरून सुरी दहा वेळा ओढ. कप नसेल तर कुंडीची कड. मोटार उभी असेल तर अर्ध्या उतरवलेल्या काचेची वरची कड. काहीच नसेल तर दुसऱ्या सुरीची पाठ, आणि शेवटी वर्तमानपत्राची घडी. तिचा नवरा, जो बस चालवून निवृत्त झाला होता आणि दिवसातला बराच वेळ चाकाशेजारच्या खुर्चीत घालवायचा, तो कपाळाला हात लावायचा. स्वतःच्या पोटावर पाय द्यावा तर असा, म्हणायचा. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. बाईला आधी बोथट म्हणजे काय तेच ठाऊक नसतं, बिचारी आयुष्यभर कांदे चिरडत बसते. एकदा धार कळली की मग तिला बोथट सोसत नाही, महिन्याला चाकावर येते. आणि यायच्याही. समोरच्या खानावळवालीनं कप वापरायला सुरुवात केल्यापासून मावशीकडे तिच्या सुऱ्या दुप्पट यायला लागल्या होत्या.

तर, जगात कड असलेली एकही वस्तू नव्हती जिला मावशीनं धार लावली नव्हती. कात्र्या, कोयते, शिंप्याच्या कापणीची मोठी कात्री, एकदा तर बर्फावर घसरायच्या बुटांची पाती. फक्त एक सोडून. वस्तरा.

वस्तरा बाबांनी तिला शिकवला नाही. कुणी वस्तरा घेऊन आलं की बाबा तो फडक्यात गुंडाळायचे, आतल्या खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, उद्या या. दुसऱ्या दिवशी वस्तरा तयार. पातं असं की हवेत धरलं तर हवा कापली जाईल. हे कधी केलं, कुठं केलं, तिला कधी दिसलं नाही. एकदा तिनं विचारलं तर बाबा म्हणाले, "ते तुझं काम नाही."  तिनं त्याचा अर्थ लावून घेतला. मुलगी म्हणून. चाक दिलं, पायडल दिलं, पण शेवटची किल्ली कमरेलाच ठेवली. हा काटा ती कुणाला दाखवायची नाही, पण तो होता.

तिच्या लग्नात बाबांनी जावयाला एक वस्तरा दिला होता. काळ्या शिंगाची मूठ, रुंद पातं. जावईबापूंनी तो घेतला आणि तीन दारं पलीकडच्या सलूनमध्ये नेऊन ठेवला, तो तिथलाच झाला. सलून उस्तादांचं. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची, मावशी मात्र भाऊजी म्हणायची, कारण ते तिच्या नवऱ्याचे जिवलग दोस्त. उस्तादांच्या गुरूंनी, म्हणजे थोरल्या उस्तादांनी घालून दिलेली त्या दुकानात एक पद्धत होती. जुन्या गिऱ्हाइकाचा वस्तरा वेगळा, एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही. आरशाखाली सात खणांची लाकडी पेटी, प्रत्येक खणात एकेकाचा वस्तरा. माणूस गेलं की वस्तरा त्याच्या घरी पोचवायचा आणि खण रिकामा ठेवायचा. आता तीनच भरलेले होते. बाकी सगळ्यांसाठी बदलायची पाती, वापरा आणि टाका.

मावशीचा नवरा दिवसाआड दाढीला जायचा आणि खुर्चीत झोपायचा. ही त्याची ख्याती होती. पहिला गाल होईपर्यंत डोळे मिटायचे, दुसऱ्या गालाला घोरणं सुरू. तीस वर्षं गर्दीतून बस हाकताना ज्याला डोळ्याला डोळा लावता आला नाही, त्याला गळ्यावर उघडं पातं असताना झोप लागायची. उस्ताद घोरण्याच्या तालावर हात चालवायचे आणि इतर गिऱ्हाइकांना म्हणायचे, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कुणी देऊ नका.

आणि एके दिवशी उस्तादांच्या हातून दगड पडला. वस्तऱ्याला धार लावायचा दगड, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा, थोरल्या उस्तादांच्या वेळचा. धुताना निसटला आणि फरशीवर त्याचे दोन तुकडे झाले. उस्तादांनी ते टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवले आणि त्या आठवड्यात तिन्ही जुन्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की पेटी बंद. एवीतेवी आता जवळचं बारीक दिसत नाही, गाल बोटांना कळतो पण धार डोळ्यांना कळत नाही. एक तारखेला ज्याचा त्याचा वस्तरा घरी पोचवतो.

त्या दिवशी नवरा बदलायच्या पात्यानं दाढी करून आला तो चेहरा तुळतुळीत आणि डोळे टक्क उघडे. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "झोप नाही लागली." दुखणं सांगावं तसं सांगितलं.

मावशीनं पायडल थांबवलं.

सलूनमध्ये ती गेली तेव्हा उस्ताद कंगवे धूत होते. तिनं सरळ विषयाला हात घातला. हसली, म्हणाली पेटी बंद करायची भाषा कशाला, मी तीन दारांवर बसलेय ती काय माशा मारायला? द्या इकडे यांचा वस्तरा.

"वहिनी, हा चाकू नाही."

"लोखंडच आहे ना?"

"लोखंड आहे, पण..."

"मग झालं. भाऊजी, माझ्या बाबांच्या हातची धार आहे त्यावर. त्यांची लेक नाही लावणार तर कोण लावणार?"

या बोलण्यावर उस्तादांनी तिच्याकडे एकदा बघितलं, काही बोलावंसं वाटतंय असं. वस्तरा काढून दिला.

मावशी वेडी नव्हती, तिनं तो चाकाला लावला नाही. घरातला सगळ्यात चांगला पांढरा कप काढला, उपडा घातला, पाण्यानं भिजवला. दोन नाण्यांची उंची धरली आणि तासभर, हलक्या हातानं, श्वास रोखून, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग कुंडीची कड नाही, काच नाही, थेट बाबांचा पट्टा. शेवटी तिनं वर्तमानपत्राचं पान हवेत धरलं आणि वस्तरा वरून सोडला. पान आवाज न करता दोन झालं. खानावळवाली टोमॅटो घेऊन आली. मावशीनं पातं त्यावर नुसतं टेकवलं आणि ओढलं, दाबलं नाही. चकती काचेसारखी पडली. चार माणसं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं तर उठून शर्टाचं वरचं बटण काढलं, निघालाच दाढीला.

उस्तादांनी वस्तरा हातात घेतला. अंगठ्याच्या नखावरून पातं अलगद फिरवलं. ओठ आवळले.

"कशावर केली?"

"कपावर," मावशी अभिमानानं म्हणाली.

नवरा खुर्चीत बसून मोकळा झाला होता, गळ्याला टॉवेल, गालाला फेस, डोळे मिटायच्या तयारीत. उस्तादांनी पातं कानशिलापाशी टेकवलं आणि खाली ओढलं. मावशीनं आवाज ऐकला. या वस्तऱ्याचा आवाज तिला पाठ होता, कुणीतरी लांब बसून रेशीम फाडतंय असा. आज वाळकं गवत उपटल्यासारखा आला. आणि तिला दिसलं, नवऱ्याच्या चपलेतली दहाच्या दहा बोटं वर वळली होती.

उस्तादांनी हात उचलला.

"छान आहे," नवरा म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. "जरा झोप उडवतं, एवढंच."

उस्तादांनी वस्तरा मिटला, बदलायचं पातं घेतलं आणि दाढी पुरी केली. नवऱ्याच्या गालावर लाल पट्टा उठला होता, त्यावर तुरटी फिरवली. मग मावशीकडे वळून म्हणाले, राग धरू नका वहिनी, माझंच चुकलं, मी द्यायला नको होता. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस मावशीनं गिऱ्हाइकांशी धड बोलणं केलं नाही. वस्तरा पुन्हा काढला, दुसरा कप, आणखी गुळगुळीत बुडाचा. मग नुसता पट्टा. मग वर्तमानपत्र. टोमॅटो दर वेळी कापला जायचा. नवरा दर वेळी गाल पुढे करायचा, तू लाव, मी बसतो, काय होतंय. ती त्याचा गाल हातानं बाजूला करायची. नवऱ्याच्या तोंडाची परीक्षेची वही नाही करायची, म्हणायची.

पाचव्या दिवशी तिनं घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं आणि उन्हात जाऊन पातं बघितलं. एक डोळा तर तिला मिटायची सवयच होती. भिंगातून धार दिसली ती करवतीसारखी, बारीक बारीक दात, काही मोडलेले. टोमॅटोला हे दात चालतात, सालीत रुततात. गालाला कसे चालणार? पण त्याहून वाईट दुसरी गोष्ट होती. धारेला लागून, दोन्ही बाजूंनी, एक चकचकीत रेघ उठली होती. पातं बनवणाऱ्यानं दिलेला उतार एक, आणि त्याच्या टोकाला ही नवी, उभट रेघ दुसरी. मावशीनं ती ओळखली. आपली सही कुणाला ओळखू येत नाही? ती तिच्या मनगटाखालच्या दोन नाण्यांची रेघ होती.

एक तारखेला आठ दिवस उरले होते. दुपारी सलून रिकामं असतं तेव्हा मावशी गेली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारायला आली होती, त्यामुळे आवाज नको इतका चढला.

"मला नाही येत. बाबांनी शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. मुलगी म्हणून नाही शिकवलं."

उस्ताद टॉवेलांच्या घड्या घालत होते. हातातली घडी त्यांनी पुन्हा उलगडली.

"वहिनी, तुमचे बाबा वस्तऱ्याला धार लावत नव्हते."

"काय बोलता भाऊजी."

"इथं आणायचे. मागच्या दारानं, दुकान बंद करायच्या वेळेला. थोरले उस्ताद लावायचे. आणि दुकानातल्या सगळ्या कात्र्या तुमचे बाबा न्यायचे, कारण कात्री थोरल्यांना जमत नव्हती. दोघांनी गल्लीला कळू दिलं नाही. मी नवीन लागलो होतो, मला दम भरला होता, तोंड उघडलंस तर बघ."

मावशी खुर्चीत पुढे सरकली. मग हळूच विचारलं, "यांचा लग्नातला?"

"तोही. लग्नाच्या आदल्या दिवशी आणला. थोरले म्हणाले, लेकीला का नाही शिकवत? तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, मला जे येत नाही ते मी तिला काय शिकवू, आणि येत नाही हे तिला कोणत्या तोंडानं सांगू."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. मावशी आरशात स्वतःकडे बघत होती आणि उस्तादांना वाटलं आता ही रडणार. ती हसायला लागली. आधी नाकातून, मग खुर्ची हलेल एवढी. पंचेचाळीस वर्षं मी त्यांच्यावर रुसून बसलेय, म्हणाली, आणि त्यांनी मला त्यांच्याकडे होतं तेवढं सगळं दिलं होतं. आतला खिसा रिकामाच होता.

डोळे पुसून झाल्यावर ती कामाचं बोलली. तुम्हाला येतं, तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं, मला येत नाही. दगडाचे तुकडे कुठं आहेत?

कपाटातून टॉवेल निघाला. मोठा तुकडा तळहाताएवढा होता, एका टोकाला तिरका, वर वर्षानुवर्षांच्या वापरानं मधोमध खोलगट झालेला. आता इथं मावशीचा जुगाड कामाला आला. तिनं जाड सपाट काच आणली, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवला आणि दगड त्यावर उपडा घालून घासला. दोन दुपारी गेल्या. दगड असा सपाट झाला की ओल्या काचेवर ठेवला तर उचलता येईना. उस्तादांनी त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, थोरल्यांच्या हयातीत हा इतका सरळ नव्हता. शिवाय तिनं आपल्या पेटीतला मधल्या पोताचा एक दगडही तसाच सरळ केला, कारण तिनं स्वतः पाडलेली रेघ काढायला बारीक दगडावर महिना गेला असता.

मग शाळा सुरू झाली. उस्तादांनी पहिल्याच दुपारी सांगितलं ते असं. सुरीला कोन हात देतो. वस्तऱ्याला कोन बनवणारा देऊन ठेवतो, तो त्याच्या जाड पाठीत असतो. पातं दगडावर आडवं झोपवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली. कोन आपोआप येतो. मनगट उचललं की बनवणाऱ्याशी भांडण. "आणि तुमचा तो कप," उस्ताद म्हणाले, "त्याची कड बोटभर रुंद नाही, त्यातून गोल. पाठ आणि धार दोघांनी बसायचं कुठं? उलटवताना पण धारेवरून नाही, पाठीवरून लोळवायचं. मूल कुशीवर वळतं तसं."

ऐकायला सोपं होतं. मावशीचं मनगट ऐकेना. पातं झोपवायची, दोन वेळा सरळ जायचं, तिसऱ्या वेळेला मनगट आपसूक वर. तिला कळायचंही नाही. म्हणून उस्तादांनी पाठीवर आणि धारेच्या उतारावर काळ्या पेनानं रेघा मारायला लावल्या. दोन्ही रेघा पुसल्या तर बरोबर, एकच पुसली तर हात उचलला. रेघा उस्तादांना दिसत नव्हत्या, म्हणून तपासनीस म्हणून नवऱ्याची नेमणूक झाली. त्यानं ते काम तिकीट तपासणाऱ्याच्या ऐटीत केलं.

"धार पुसली. पाठ काळीच आहे."

"नीट बघा."

"बघितलं. काळी कुळकुळीत."

उस्ताद कोपऱ्यातून म्हणायचे, "पाठ टेका वहिनी, पाठ टेका." यावर नवरा, की लग्न झाल्यापासून मी हेच सांगतोय, दिवसभर उभी असते, घटकाभर पाठ टेकत नाही. मावशी दोघांकडे अशी बघायची की दोघं वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

खानावळवालीला सुगावा लागलाच. सुऱ्या द्यायला आली आणि गोड आवाजात म्हणाली, "मावशी, शाळेत जाता म्हणे?"

"जाते. पहिलीत आहे," मावशी म्हणाली आणि तिच्या सुरीकडे एक डोळा मिटून बघितलं. "आणि तू कप सोडून पुन्हा पायरीवर घासतेस."

एक तारीख आली. उस्तादांनी पेटी उघडली नाही, तिनं विचारलं नाही. मात्र त्या दुपारी तिसाव्यांदा पाठ काळी राहिली तेव्हा तिनं दगड बाजूला सारला. मनगटच चुकीचं आहे, म्हणाली, एवढी वर्षं ज्याच्या जिवावर जगले तेच.  मग पर्स उघडली, दोन नाणी काढली आणि डाव्या हातानं ती उजव्या मनगटावर ठेवली. खाली नाही, वर. घड्याळ बांधतात तिथं, एकावर एक.

"हे काय?" नवरा म्हणाला.

"पडली की सांगा."

पहिल्याच फेऱ्यात नाणी खणखणत फरशीवर गेली. एक खुर्चीखाली, एक दाराशी. नवऱ्यानं वाकून उचलून दिली. पुन्हा पडली. त्या दुपारी तो इतक्यांदा वाकला की बस चालवतानासुद्धा कंबर एवढी दुखली नव्हती, असं त्यानं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाणी कमी पडली. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. सहाव्या दिवशी उस्ताद घड्याळाकडे तोंड करून बसले होते, त्यांना फक्त दगडावर पातं सरकल्याचा आवाज येत होता, एकसारखा. बराच वेळ नाण्यांचा आवाज आला नाही, म्हणून त्यांना वाटलं तिनं ती काढून ठेवली.

"नाणी?"

"आहेत," मावशी म्हणाली. मनगटाकडे न बघता.

नवऱ्यानं पातं उन्हात धरलं. "दोन्ही पुसल्या," म्हणाला. आणि मग, तपासनीसाला शोभणार नाही अशा आवाजात, "दोन्ही, अगं."

रेघ निघायला मधल्या दगडावर आणखी तीन दुपारी लागल्या. मग थोरल्यांचा दगड, पाण्याचे चार थेंब आणि हाताचं वजन जवळजवळ नाहीच. मग सलूनच्या खुंटीवरचा लांब चामडी पट्टा, त्यावर धार मागे ठेवून, पाठ पुढे, तीस वेळा जाणं, तीस वेळा येणं. भिंगातून बघितलं तर दात नव्हते. धारच दिसत नव्हती, नुसता उजेड संपत होता. मावशीनं आपला एक पांढरा केस उपटला, चिमटीत लोंबता धरला आणि पात्याला टेकवला. केसाचा खालचा तुकडा खाली गेला. पकडलेल्या हाताला काहीच कळलं नाही.

टोमॅटो आणायला कुणाला सांगितलं नाही. चौकातलं कुणी बोलावलं नाही.

नवरा खुर्चीत बसला. उस्तादांनी फेस केला, नेहमीपेक्षा जास्त वेळ केला. वस्तरा नखावरून फिरवला आणि या वेळी ओठ आवळले नाहीत. मावशी आरशात बघत नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. पातं कानशिलाला टेकलं आणि खाली आलं. लांब कुठंतरी रेशीम फाटलं.

मग दुसऱ्यांदा. मग हनुवटीखालून. उस्तादांचा हात आता नेहमीच्या चालीत आला होता. मावशीनं नवऱ्याच्या चपलांकडे हळूच बघितलं. बोटं सैल होती. पहिला गाल झाला, टॉवेलानं पुसला गेला. दुसऱ्यावर फेस तसाच होता आणि त्या फेसातून, आधी बारीक, मग ठसक्यात, घोरणं ऐकू आलं.

उस्तादांनी हात थांबवला, पातं हवेत, तोंड आरशाकडे. "वहिनी," म्हणाले, "ऐकलंत?"

ऐकलं होतं. तिनं झोपलेल्या नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल सरळ केला.

दाढी संपली तरी त्याला उठवलं नाही. उस्तादांनी आरशाखालची पेटी काढली, फडक्यानं पुसली, नवऱ्याचा वस्तरा त्याच्या खणात ठेवला आणि उरलेले दोन बाहेर काढले. दोन्ही म्हाताऱ्यांचे वस्तरे अजून घरी पोचवायचे राहिलेत, म्हणाले, बरं झालं राहिले. ते दोन त्यांनी फडक्यात गुंडाळले, थोरल्यांचा दगड टॉवेलात गुंडाळला आणि दोन्ही तिच्या हातात दिले. घेताना तिचे हात ओले होते आणि मनगटावर दोन नाण्यांचा गोल ठसा उमटला होता.

मग उस्तादांनी सवयीनं मागचं दार उघडून धरलं. तिकडून चाक जवळ पडेल, म्हणाले.

मावशीनं त्या दाराकडे बघितलं. बाहेर कचऱ्याचा डबा, एक नळ आणि चिंचोळी बोळ होती. किती वेळा बाबा इथून आत आले असतील, कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवून, आणि किती वेळा तसेच बाहेर गेले असतील.

"नको भाऊजी," ती म्हणाली. "पुढूनच जाते."

आणि वस्तरे छातीशी धरून, दगड काखेत घेऊन, ती पुढच्या दारानं बाहेर पडली. शिंप्याच्या समोरून, खानावळीच्या समोरून, भर दुपारी, गल्लीच्या अगदी मधोमध.